दहा रुपये, पण कशाचे?

जुहूच्या वाळूवर मेंदीचे ठसे मारणाऱ्या बायका भाव खोटा सांगत नाहीत. 'दस रुपया' म्हणतात आणि ते दहाच असतात. फक्त ते हाताचे नसतात, ठशाचे असतात, आणि हे कळेपर्यंत हात कोपरापर्यंत भरलेला असतो.

सांगलीहून माझी मावसबहीण आणि तिची नववीतली मुलगी आल्या होत्या. वांद्रे-जुहू बघायचं होतं, म्हणून शनिवार त्यात घातला. त्या एका दिवसात आम्हाला जिथे जिथे गंडवलं गेलं तिथे युक्ती एकच होती: आकडा सांगायचा, पण तो कशाचा ते सांगायचं नाही. पावसाळा संपला की या पट्ट्यात बाहेरगावच्या पाहुण्यांची रीघ लागते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

वांद्र्याला समुद्र आहे, पण पाय बुडवायला वाळू म्हणावी अशी नाही. बँडस्टँडला आणि कार्टर रोडला काळे खडक. 1640 चा पोर्तुगीज किल्ला, मन्नतसमोरची गर्दी, माउंट मेरीच्या पायऱ्या झाल्या की लहान मुलं 'बीच कुठंय?' विचारायला लागतात आणि सगळे रिक्षा करून जुहूला निघतात. (रिक्षाबद्दल माझी काही तक्रार नाही. मीटर टाकला की 26 रुपये, आणि ते पहिल्या दीड किलोमीटरचे, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणूनच तिथे भांडण होत नाही.)

जुहूला भाची जरा पुढे चालत होती. एका बाईने तिचा हात धरला. एका हातात लाकडी ठसे, दुसऱ्या हातात प्लास्टिकची डबी आणि त्यात पातळ, तपकिरी रंग. "दस रुपया बेटा, देख तो लो." बघ म्हणेपर्यंत तळहातावर फूल उमटलं होतं. आता यातली खुबी जवळून बघण्यासारखी आहे. ठसा असतो रुपयाच्या नाण्याएवढा. मनगटाभोवतीची वेल आपल्याला एक नक्षी वाटते, पण ती पाच-सहा ठशांची असते. बोटांवर एकेक, तळहातावर मोठ्या फुलाभोवती गोल फिरवून आठ. बाईचा हात इतका भरभर चालतो की मोजायचं डोक्यातही येत नाही, कारण मोजायचं असतं हेच आपल्याला माहीत नसतं. तोवर दुसरीने ताईचा हात धरला होता. "मम्मी का भी कर देती हूँ."

मग हिशोब. बोट ठेवून ठेवून तिने ठसे मोजून दाखवले. 48. म्हणजे 480 रुपये.

ताई म्हणाली, "अहो, तुम्ही दहा म्हणाला होता." उत्तर तयार होतं: "एक का दस बोला था." आजूबाजूच्या आणखी तिघी-चौघी गोळा झाल्या, कोणी रागावून, कोणी रडव्या आवाजात. क्यूआर कोडचा पुठ्ठा घेऊन एक माणूस मागून आला. त्याचा यात काय संबंध, हे त्यानेही सांगितलं नाही. मुलगी रडकुंडीला आली होती आणि यांचा सगळा धंदा त्याच क्षणावर चालतो. लेकरू रडायला लागलं की आई पैसे देऊन मोकळी होते. मी फोन काढून 112 लावते म्हटलं, तेव्हा 480 चे 200 झाले आणि तो माणूस गर्दीत दिसेनासा झाला. 200 दिले.

आणि ती मेंदी नव्हतीच. खरी मेंदी रंगायला काही तास लागतात. लावल्या लावल्या पक्का दिसणारा रंग हा कसला तरी केमिकलचा असतो. काळा असेल तर हात मागेच घ्यावा, कारण तथाकथित काळ्या मेंदीत केसांच्या डायमधलं पीपीडी असू शकतं आणि त्याने कातडीवर फोड येतात. भाचीच्या मनगटाला रात्री खाज सुटली, सकाळपर्यंत थांबली.

फोटोवाल्यांचंही तेच. 'तीस रुपया फोटो' म्हणत गळ्यात कॅमेरा घालून येतात, 'इधर देखो, उधर देखो' करत पंचवीस-तीस खटके मारतात आणि मग सगळे प्रिंट घ्यायचा आग्रह धरतात. मेंदीचा धडा ताजा असल्याने आम्ही आधीच 'एकच प्रिंट, तीस रुपये, त्याउपर नाही' असं ठणकावलं. तो हसला आणि निघून गेला.

लिंकिंग रोडला मात्र मी फसवणूक म्हणणार नाही. आठशेची सँडल तीनशेला घेणं हा तिथला रिवाज आहे, दोन्ही बाजूंना ठाऊक असलेला. तिथे डोळा ठेवायचा तो पिशवीवर. दाखवलेला जोड आणि पिशवीत भरलेला जोड एकच आहे का, दोन्ही पायांचा नंबर सारखा आहे का, एवढं दुकानासमोर उभं राहून बघा. संध्याकाळी परत गेलात तर 'यहाँ से लिया ही नहीं' ऐकाल.

खरा राग आला तो दुपारच्या कॅफेचा. वाळूवरच्या बायकांचं पोट तरी त्यावर आहे. इथे एसी होता, कुंड्यांत मनी प्लांट होता आणि सुंदर इंग्रजी बोलणारा मॅनेजर होता. वांद्र्याच्या एका आतल्या गल्लीतला, जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावरचा कॅफे. मेन्यू फोनवर स्कॅन करून बघायचा. बसता बसता वेटरने पाण्याची सीलबंद बाटली आणली आणि न विचारता तिचं झाकण फिरवलं. दोन कॉफी, एक सँडविच, भाचीसाठी चीजकेक. बिल असं:

खाणं आणि बाटली मिळून 1650. त्याखाली 'स्टाफ वेल्फेअर', 10 टक्के, 165. मग या 1815 वर 5 टक्के जीएसटी, 90 रुपये 75 पैसे. एकूण 1906.

जीएसटी 5 टक्के हा साध्या कॅफे-रेस्टॉरंटचा नेहमीचा दर, त्याबद्दल वाद नाही. बिलावरचा 15 अक्षरांचा जीएसटी क्रमांकही खरा होता. महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नाव, पत्ता, करदात्याचा प्रकार दिसतो. प्रकार 'कंपोझिशन' (छोट्या व्यावसायिकांसाठीची सोपी करयोजना) असेल तर त्या दुकानाला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही, हे लक्षात ठेवा. लहान ठिकाणी तरीही जीएसटी लावलेला सापडतो.

प्रश्न त्या 165 चा होता. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या कुठल्या नावाने लावायचा नाही, आणि खाण्याच्या रकमेत मिळवून त्यावर जीएसटी घ्यायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि 28 मार्च 2025 ला न्यायालयाने सूचना कायम ठेवून त्यांच्या याचिका फेटाळल्या. म्हणजे या एका ओळीत तिन्ही गोष्टी मोडल्या होत्या.

मॅनेजरला म्हटलं, हे काढा. तो म्हणाला, "मॅडम, मेन्यूमध्ये लिहिलेलं आहे." होतं खरं. फोनवर पार खाली, शेवटच्या डेझर्टच्याही खाली, फिकट राखाडी अक्षरांत. "सिस्टीममधून निघत नाही," हे त्याचं पुढचं वाक्य. मागे टेबलासाठी माणसं ताटकळत होती, ताई ओशाळून "अगं, देऊन टाक गं" करत होती. पाहुण्यांसमोर कोणी हुज्जत घालणार नाही, यावर हा सगळा डोलारा उभा आहे. पैसे दिले, पण उठण्याआधी बिलाचा फोटो काढला आणि मेन्यूच्या त्या तळाच्या ओळीचा स्क्रीनशॉट घेतला. लिंकवरचा मेन्यू ते केव्हाही बदलू शकतात, म्हणून तो तिथल्या तिथेच घ्यावा.

बाटलीचं मात्र काही करता आलं नाही. एमआरपीपेक्षा जास्त पैसे टपरीने किंवा दुकानाने घेतले तर तक्रार करता येते. टेबलावर बसवून वाढणाऱ्या हॉटेलला ते बंधन लागू नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2017 चा निकाल आहे. झाकण फिरवायच्या आधी 'साधं पाणी' म्हणणं, एवढंच आपल्या हातात.

सोमवारी 1915 ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन केला. बिल, स्क्रीनशॉट आणि यूपीआयची पावती मागितली, तक्रार क्रमांक दिला. हे कोर्ट नव्हे. ते कंपनीकडे तक्रार पाठवतात आणि मिटतंय का बघतात. नाही मिटलं तर पुढे ग्राहक आयोग आहे. आमचं मिटलं. कॅफेकडून एक गुळगुळीत दिलगिरीचा मेल आला आणि 165 रुपये खात्यात जमा झाले. त्या 165 वर घेतलेला जीएसटी विसरले होते. परत लिहिल्यावर तेही आठ रुपये आले.

त्यांचा मेन्यू काल पुन्हा उघडून पाहिला. डेझर्टच्या खाली ती राखाडी ओळ अजून आहे.