जीमेलची गाळणी, थंडरबर्डची चाळण: घरच्या मेलपेटीला कोणती पुरते?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या किंवा मांजलपूरच्या एखाद्या मराठी घराची मेलपेटी उघडली तर साधारण हेच दिसतं: लाइटबिल, वेऱ्याची (घरपट्टीची) पावती, म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट, कॅनडातल्या मुलाने पाठवलेली कागदपत्रं, आणि या सगळ्यांवर थापलेल्या तीस-चाळीस जाहिराती. ‘हा स्पॅम आवरा’ म्हणताना लोक दोन निराळ्या गोष्टींना एकच नाव देतात. खरा स्पॅम म्हणजे लॉटरी, खोटा इन्कम टॅक्स रिफंड, अडकलेलं पार्सल. पाठवणाऱ्याचा ठावठिकाणा नाही. दुसरा प्रकार दुकानांच्या मेलचा. त्यांना पत्ता आपणच दिलेला असतो, गरब्याचा पास काढताना, चष्मा करताना, सोसायटीसाठी वॉटर प्युरिफायर बघताना. पहिल्या प्रकारावर जीमेलची गाळणी फार चांगली आहे. दुसऱ्याला ती स्पॅम मानतच नाही, आणि ते बरोबर आहे. थंडरबर्ड या संगणकावरच्या मेल सॉफ्टवेअरच्या चाळणीकडे शेवटी वळू.

गूगलचा स्वतःचा दावा 99.9 टक्क्यांहून जास्त स्पॅम अडवल्याचा आहे. घरच्या पेटीत तो मोजून बघायची सोय नाही, पण लॉटरीछाप मेल इनबॉक्समध्ये क्वचितच येतो, एवढं कुणालाही दिसतं. त्यामुळे अडवण्याच्या कामाला पूर्ण गुण. जे अडवायला नको होतं तेही ती अडवते, तिथे मात्र गुण कापायला हवेत. स्पॅममध्ये पडलेला मेल 30 दिवसांनी आपोआप कायमचा पुसला जातो, आणि आधी कुणी ‘बघा हं’ म्हणून सांगत नाही. घरात या चुकीचीच किंमत जास्त. एक लॉटरीचा मेल आत आला तर दोन सेकंद जातात. सदोष इन्कम टॅक्स रिटर्नची कलम 139(9)ची नोटीस स्पॅममध्ये गेली तर उत्तराचे 15 दिवस कुणाला न कळता संपतात. रिटर्न भरल्यावर ई-व्हेरिफाय करायलाही 30 दिवसच मिळतात.

फोनवर तर ते स्पॅमचं खातं दिसतही नाही. डावीकडच्या तीन रेघा दाबून खाली सरकत गेलं की मग सापडतं. आठवड्यातून एकदा तिथे डोकावलं तरी पुरतं. मेल उघडायची गरज नाही, पाठवणाऱ्यांच्या नावांवरून नजर फिरवायची. आपला मेल दिसला तर ‘नॉट स्पॅम’.

पण तेवढ्यावर भागत नाही. ‘नॉट स्पॅम’ हे गाळणीला दिलेलं मत आहे, हुकूम नव्हे. पुढच्या महिन्यात तोच मेल परत आत जाऊ शकतो. हुकूम द्यायचा तर फिल्टर करावा लागतो, आणि तो जीमेलच्या फोनमधल्या ॲपमध्ये करता येत नाही. संगणकावर ब्राउझरमध्ये जीमेल उघडायचं, वरच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाचं छोटं चिन्ह दाबायचं, ‘फ्रॉम’च्या रकान्यात पत्ता भरायचा, ‘क्रिएट फिल्टर’ दाबायचं आणि ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’वर खूण करायची. सोबत एखादं लेबल लावलं, समजा ‘बिलं’ किंवा ‘टॅक्स’, तर मार्चअखेरीस शोधाशोध वाचते. घरी संगणक नसेल तर फोनच्या ब्राउझरमध्ये ‘डेस्कटॉप साइट’ निवडूनही जमतं, पण अक्षरं मुंगीएवढी दिसतात.

इथली सगळ्यात महागात पडणारी चूक ‘फ्रॉम’च्या रकान्यात होते. लोक तिथे नुसतं बँकेचं नाव टाकतात. तो शब्द जीमेल पत्त्यात शोधतं तसा पाठवणाऱ्याच्या दिसणाऱ्या नावातही शोधतं, आणि दिसणारं नाव कुणीही काहीही ठेवू शकतो. म्हणजे बँकेचं नाव लावून आलेल्या भामट्यालाही आपणच दार उघडून दिलं. म्हणून @ आणि त्यापुढचा पूर्ण डोमेन लिहायचा, तोही आधी आलेल्या खऱ्या मेलवरून उतरवून. मेलच्या माथ्यावर ‘तुम्ही केलेल्या फिल्टरमुळे हा मेल स्पॅममध्ये पाठवला नाही’ अशा अर्थाची पट्टी दिसली, तर गाळणीला तो संशयास्पद वाटला होता असं समजावं. ती पट्टी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

असे फिल्टर घरटी सात-आठ पुरेत: वीज कंपनी, बँक, फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या दोन्ही रजिस्ट्रार कंपन्या (कॅम्स, केफिनटेक), इन्कम टॅक्स, विमा, मुलांची युनिव्हर्सिटी, व्हिसाचं काम चालू असेल तर त्या देशाचं खातं. फंडाच्या स्टेटमेंटला खास जपावं. त्याची पीडीएफ पासवर्ड लावलेली असते, आणि कुलूपबंद फाइल गाळणीला उघडून तपासता येत नाही.

चांगला मेल स्पॅममध्ये का पडतो, याची काही कारणं घरातच असतात. फंड कंपनीच्या ‘नवी योजना आली’ या मेलला वैतागून ‘रिपोर्ट स्पॅम’ दाबलं, की त्याच पत्त्यावरून येणारं स्टेटमेंटही पुढच्या वेळी तिकडे जाऊ शकतं. दुसरं कारण जुन्या पत्त्यांचं. नोकरीतला किंवा इंटरनेटवाल्याने दिलेला पत्ता जीमेलकडे फॉरवर्ड केलेला असतो. कोणत्या डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरने पाठवायचा याची यादी असते, तिला एसपीएफ म्हणतात. फॉरवर्ड झालेला मेल मधल्या सर्व्हरकडून येतो, तो सर्व्हर मूळ डोमेनच्या यादीत नसतो, आणि तपासणीत मेल नापास होतो. मेलवर डीकेआयएम नावाची डिजिटल सही असेल आणि वाटेत मजकूर बदलला नसेल तर तो तरतो, नाहीतर स्पॅम. यावर फिल्टरची मलमपट्टी करण्यापेक्षा बँकेत, फंडात जाऊन पत्ताच बदलून घ्यावा. एकदाच कंटाळा येतो.

गणेशोत्सव मंडळांचं दुखणं तिसरं. वर्गणीची आठवण आणि आरतीचं वेळापत्रक एका जीमेल खात्यातून दीडशे लोकांना बीसीसीत टाकून पाठवायचं, वर एक मोठं पोस्टर आणि मजकूर शून्य. गाळणीच्या दृष्टीने हे वागणं स्पॅमवाल्यासारखंच आहे. साध्या जीमेल खात्याला दिवसाला 500 पत्त्यांची मर्यादाही आहे. गूगल ग्रुप करून त्यातून पाठवावं, पोस्टरसोबत चार ओळी मजकूर लिहावा, आणि सभासदांना तो पत्ता कॉन्टॅक्टमध्ये जोडून घ्यायला सांगावं.

आता जाहिराती. फेब्रुवारी 2024पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना नियम लावले. जीमेलकडे दिवसाला 5000च्या वर मेल पाठवायचे तर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (त्या दोन्हींचा निकाल पाठवणाऱ्याच्या दिसणाऱ्या डोमेनशी पडताळणारा नियम) तिन्ही हवेत, जाहिरातीच्या मेलला एका टिचकीत नाव काढायची सोय हवी, आणि नाव दोन दिवसांत निघायला हवं. स्पॅमच्या तक्रारी हजारात तीनपर्यंत जाता कामा नयेत. त्यामुळे पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी जीमेल स्वतः दाखवतं ते ‘अनसबस्क्राइब’ आता खरोखर कामाचं आहे. ओळखीचं दुकान असेल तर ते दाबावं, दोन-तीन दिवस थांबावं, तरी मेल येत राहिला तर खुशाल ‘रिपोर्ट स्पॅम’. अनोळखी मेलच्या पोटात, अगदी तळाशी असलेल्या अनसबस्क्राइबच्या लिंकला मात्र हात लावू नये. पत्ता जिवंत आहे एवढी बातमी तिकडे पोचते आणि ओघ वाढतो.

‘ब्लॉक’ या बटणावर लोकांचा उगाच भरवसा आहे. ते नेमका तोच एक पत्ता अडवतं. खरा स्पॅमवाला दर वेळी नवा पत्ता वापरतो, त्यामुळे शंभर पत्ते ब्लॉक करूनही फरक पडत नाही. चिकट एजंट किंवा नकोसा ओळखीचा माणूस यांच्यासाठी ते ठीक.

नवरात्रीआधी गरब्याच्या पासांसाठी, ॲडमिशनच्या दिवसांत क्लासेससाठी पत्ता द्यावाच लागतो. तेव्हा जीमेलची एक जुनी सोय वापरावी: आपल्या नावानंतर, @च्या आधी + लावून एखादा शब्द जोडायचा, जसं नाव+गरबा, अर्थात इंग्रजी अक्षरांत. मेल आपल्याच पेटीत येतो, पण ‘टू’च्या रकान्यात तो पत्ता घालून फिल्टर करता येतो, आणि पत्ता कुणी पुढे विकला तेही कळतं. काही वेबसाइटचे फॉर्म + स्वीकारत नाहीत, तिथे उपाय नाही.

जीमेल जाहिराती वेगळ्या टाकतं तो प्रमोशन्सचा टॅब म्हणजे स्पॅम नव्हे. तिथलं आपोआप पुसलं जात नाही, आणि मेल, ड्राइव्ह, फोटो मिळून असलेल्या 15 जीबीत ते बसतं. नातवंडांचे व्हिडिओ त्याच जागेत. ती जागा भरली की नवा मेल येणंच थांबतं, आणि खापर गाळणीवर फुटतं.

गाळणीतून निसटून येणारा खोटा मेल ओळखायचा तर पाठवणाऱ्याच्या नावाखालचा छोटा बाण दाबावा. ‘मेल्ड बाय’ आणि ‘साइन्ड बाय’ यांच्यापुढचा डोमेन वाचावा. संगणकावर तीन टिंबांतल्या ‘शो ओरिजिनल’मध्ये एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क यांचे निकालही दिसतात. तिन्हीपुढे ‘पास’ दिसलं म्हणून मेल सच्चा ठरत नाही. भामट्याने स्वतःचा डोमेन विकत घेऊन नीट बसवला तर तोही पास होतो. कोणाच्या नावावर पास झाला, ते बघायचं. बँकांच्या बाबतीत एक नवी खूण मिळाली आहे: रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025पर्यंत आपली संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’वर हलवायला सांगितलं होतं. मेलमधली लिंक दुसऱ्याच पत्त्यावर नेत असेल तर पासवर्ड टाकू नये. पैसे गेलेच तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा.

थंडरबर्ड हे मोझिलाचं फुकट मेल सॉफ्टवेअर आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि त्याची चाळण अगदी वेगळ्या जातीची. ती कोरी येते. कोणते शब्द नकोशा मेलमध्ये जास्त येतात आणि कोणते हव्या मेलमध्ये, याचा हिशेब ती तुमच्या पेटीवरूनच शिकते. अकाउंट सेटिंग्जमधल्या ‘जंक सेटिंग्ज’मध्ये अडॅप्टिव्ह जंक कंट्रोल (म्हणजे हीच शिकणारी चाळण) चालू करायचं, अ‍ॅड्रेस बुकमधल्या लोकांचे मेल जंक न धरण्याची खूण करायची, आणि मग शिकवणी: नकोशा मेलवर ‘जे’, हव्या मेलवर ‘शिफ्ट’ आणि ‘जे’.

बहुतेकांचं शिक्षण इथेच अर्धवट राहतं. नको ते सांगतात, हवं ते सांगतच नाहीत. चाळणीला फक्त वाईटाची ओळख होते आणि महिन्याभरात बहिणीचे मेलही जंकमध्ये जायला लागतात. दोन्हीकडचे मेल भरपूर दाखवावे लागतात. पहिला महिनाभर जुनं जंक आपोआप पुसण्याचा पर्याय बंदच ठेवावा. शिकवण फारच बिघडली तर सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीच्या पानावर ती पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येते. ही सगळी विद्या प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये ‘ट्रेनिंग डॉट डॅट’ नावाच्या एका फाइलमध्ये असते. संगणक फॉरमॅट करायला देताना ती उचलून ठेवली नाही तर पाटी कोरी.

संगणक चालू आणि थंडरबर्ड उघडं असेल तेव्हाच ही चाळण फिरते. तोवर तोच स्पॅम फोनवर टिंग करून गेलेला असतो. अँड्रॉइडवर 2024पासून थंडरबर्ड मिळतं, पण ही शिकणारी चाळण त्यात नाही. मेलमध्ये नुसतं चित्रच असेल तर वाचायला शब्दच नसतात, तिथेही ती अडखळते. तरी एका कामात ती जीमेलच्या पुढे आहे. तिच्या ‘मेसेज फिल्टर्स’मध्ये मेलच्या माथ्यावरची कुठलीही छुपी ओळ निवडता येते. ‘लिस्ट-अनसबस्क्राइब’ ही ओळ स्वतःहून जोडून, ती ज्या ज्या मेलमध्ये असेल ते सगळे ‘जाहिराती’ नावाच्या फोल्डरमध्ये टाका असं सांगितलं, की एका नियमात इनबॉक्स निम्मा होतो. बिलं पाठवणारे काही जणही ती ओळ लावतात, म्हणून बिलांचे नियम यादीत याच्या वर ठेवायचे. जीमेलमध्ये अशी ओळ पकडता येत नाही. ‘हॅज द वर्ड्स’मध्ये इंग्रजी अनसबस्क्राइब शब्द घालून जवळपासचं काम होतं, इतकंच.

म्हणून शिफारस अशी. घरात फक्त जीमेल असेल तर थंडरबर्ड स्पॅमसाठी घेऊ नये. दुकानाच्या स्वतःच्या डोमेनचा पत्ता असेल, किंवा जिथे सर्व्हरवर गाळणीच नाही असा जुना पत्ता सोडवत नसेल, तर जरूर घ्यावं. आणि दोन्ही एकत्र वापरायचंच असेल तर जीमेलच्या खात्यापुरतं अडॅप्टिव्ह जंक बंद ठेवावं. थंडरबर्डने एखादा मेल जीमेलच्या स्पॅम फोल्डरमध्ये हलवला की जीमेल त्याला तुमचीच तक्रार समजतं, आणि अर्धवट शिकलेल्या चाळणीच्या चुका चांगल्या गाळणीच्या गळ्यात पडतात.