पाच हजार रियालमधले दोन हजार आठशे

सौदीत स्टाफ नर्स, पगार 5,000 रियाल, राहणं-जेवण फ्री, दोन वर्षांचा करार. नाशिकमधल्या एका एजंटाची ही जाहिरात नर्सेसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली. रियाल 23 रुपयांचा धरला तर महिन्याला 1,15,000 होतात. खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत 22,000 वर काम करणाऱ्या बीएस्सी सिस्टरला हा आकडा पाचपट दिसतो. ती गेली आणि सात महिन्यांत परत आली. क्लिनिक खरं होतं, तिकीट खरं होतं, व्हिसाही खरा होता. खोटी होती ती तुलना. तिचे कागद, तिच्या परवानगीने आणि नाव वगळून, इथे उलगडतो आहोत, कारण तीच जाहिरात आता सिडको आणि नाशिकरोडच्या मुलींना दुसऱ्या नंबरवरून येते आहे.

आधी ऑफर लेटर. वर ठळक अक्षरात ‘टोटल पॅकेज 5,000’ आणि खाली बारीक अक्षरात फोड: बेसिक 2,800, घर 1,000, प्रवास 400, जेवण 300, ओव्हरटाइम ‘कमाल’ 500. घर, प्रवास आणि जेवण कंपनी देणार, म्हणजे ते 1,700 रियाल हातात कधीच पडायचे नव्हते. ओव्हरटाइमच्या पुढचा ‘कमाल’ हा शब्द शून्यालाही चालतो. उरले 2,800, म्हणजे 64,400 रुपये. ‘फ्री राहणं-जेवण’ पगारातच मोजलं होतं. सहा जणींची एक खोली आणि दुपारचा एक डबा असं ते फ्री होतं.

आता तास. पत्रात ‘8 तास, कंपनीच्या गरजेनुसार’. ही गरज रोज 12 तासांची निघाली, आठवड्यातले सहा दिवस, म्हणजे 72 तास. महिन्याचे साधारण 312 तास धरले तर तासाला 206 रुपये पडतात. नाशिकला ती आठवड्याला 48 तास करत होती, महिन्याचे 208, तासाला 106 रुपये. पाचपट म्हणता म्हणता जेमतेम दुप्पट झालं. त्यातून घरी फोन, सिम, संध्याकाळचं जेवण आणि कर्जाचं व्याज वजा करायचं. परदेशातला पगार रुपयांत करून पाहण्याआधी तासांनी भागून पाहा. ऑफर लेटर लिहिणाऱ्याला हा भागाकार नको असतो.

बेसिकवर एवढा भर का, तर पुढचे सगळे हिशेब त्याला धरून होतात. सौदी कामगार कायद्यात कामाची मर्यादा दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तास आहे, आणि जादा तासाला तासाचा पगार अधिक बेसिकच्या निम्मे असा दर आहे. बेसिकच धरून मोजलं तरी 2,800 भागिले 240, म्हणजे तासाला 11.67, दीडपट केल्यावर 17.50 रियाल. महिन्याचे 104 जादा तास होत होते. त्याचे 1,820 रियाल. तिला कधी 200 मिळाले, कधी काहीच नाही. अमिरातीत तर नोकरी संपल्यावरची ग्रॅच्युइटीच बेसिकवर मोजतात: पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला 21 दिवसांचा बेसिक. म्हणून बेसिक छोटा आणि भत्ते मोठे दिसले की समजायचं, पत्र कुणाच्या सोयीने लिहिलंय.

मग तिने तक्रार का केली नाही? या प्रश्नाचं उत्तर व्हिसावर होतं. व्हिसावर ‘अल्-मिहना’ म्हणजे व्यवसाय असा एक रकाना असतो. नर्सला अरबीत मुमर्रिदा म्हणतात. तिच्या रकान्यात ऑफिस असिस्टंट अशा अर्थाचा शब्द होता. एजंट म्हणाला होता, “ताई, ती नुसती फॉर्मॅलिटी. तिकडे गेल्यावर बदलून मिळतं.” खरं कारण निराळं. भारत सरकारच्या 2015 च्या नियमाने ईसीआर (कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते अशा) यादीतल्या 18 देशांत जाणाऱ्या नर्सला, पासपोर्ट ईसीएनआर (एरवी ती मंजुरी न लागणारा) असला तरी, ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे हीच मंजुरी, घ्यावाच लागतो. सौदी, कुवेत, कतार, ओमान, बहरीन, अमिरात हे सगळे त्या यादीत आहेत. क्लिअरन्ससाठी परदेशातल्या हॉस्पिटलची नोंदणी आणि करार सरकारसमोर ठेवावा लागतो, आणि भरतीचं काम सरकारी संस्था किंवा नर्सभरतीची खास परवानगी असलेला एजंटच करू शकतो. ती परवानगी याच्याकडे नव्हती. व्हिसावर ‘नर्स’ लिहिलं असतं तर मुंबईच्या विमानतळावरच अडवलं असतं. ऑफिस असिस्टंटला ईसीएनआर पासपोर्टवर कोण अडवणार?

एका शब्दाने काय काय गेलं ते बघा. सौदी आरोग्य आयोगाची नोंदणी नाही, म्हणजे तिचं इंजेक्शन देणंसुद्धा तिथे बेकायदा. तक्रार केली तर आधी तीच अडकणार, हे क्लिनिकला पक्कं ठाऊक होतं. क्लिअरन्स नाही म्हणून त्यासोबतचा प्रवासी भारतीय विमा योजनेचा दहा लाखांचा विमाही नाही. अनुभव प्रमाणपत्र मिळालं, पण त्यावर पद ऑफिस असिस्टंट. पुढच्या कुठल्याही देशात ते सात महिने शून्य.

व्हिसा हातात आला की फोनच्या कॅमेऱ्याने तो रकाना भाषांतर करून वाचायचा. दोन मिनिटांचं काम आहे.

पैसे किती घेतले? एकूण 1,85,000. त्यातले 35,000 ‘रजिस्ट्रेशन’ म्हणून यूपीआयने, 90,000 ‘व्हिसा प्रोसेसिंग’ म्हणून एजंटाच्या बायकोच्या खात्यावर, 60,000 मेडिकल आणि तिकिटासाठी रोख. आईच्या सोन्यावर कर्ज काढून. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून घेता येणारा सेवाशुल्काचा आकडा आहे 30,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400. पहिला हप्ता 35,000 चा का होता, हे आता कळतं. नियम माहीत असणारा विचारेल, तर त्याला तेवढाच दाखवायचा. 2015 मध्ये कुवेतच्या नर्सभरतीत तर 19,500 च्या जागी साडेएकोणीस लाख घेतल्याचं प्रकरण कोचीला सीबीआयकडे गेलं होतं. आणि भरतीचा, इकाम्याचा (तिथल्या रहिवासी परवान्याचा), त्याच्या नूतनीकरणाचा आणि परतीच्या तिकिटाचा खर्च सौदी कायद्याने मालकावर आहे. ‘तिकिटाचे द्या’ म्हणणारा तिथेच खोटा ठरतो.

शिवाय मूळ डिग्री आणि नर्सिंग कौन्सिलचं मूळ सर्टिफिकेट ‘व्हेरिफिकेशनसाठी’ ठेवून घेतलं. परदेशासाठी कागद पडताळणाऱ्या डेटाफ्लो या कंपनीला स्कॅन लागतात, मूळ कागद नाहीत. खातं स्वतःच्या ईमेलवर स्वतः उघडता येतं आणि फी स्वतः भरता येते. डिग्री आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असेल तर पडताळणीचं पत्र येतं ते आपल्याच दिंडोरी रोडवर, म्हसरूळला. अडलं तर रिक्षाने जाऊन विचारता येतं. गुड स्टँडिंग, म्हणजे नोंदणी चालू आणि निष्कलंक असल्याचा दाखला, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल देतं, प्रोमेट्रिक या परवाना परीक्षेची तारीख स्वतः घेता येते. या सगळ्यात एजंटाचा काही संबंध नाही. ज्याच्या हातात तुमचा डेटाफ्लोचा पासवर्ड, त्याच्या हातात तुम्ही.

एजंटाचा लायसन्स नंबर भिंतीवरच्या फ्रेममध्ये बघून समाधान मानू नका. ई-मायग्रेटच्या यादीत तो नंबर टाका, नाव आणि पत्ता जुळतो का बघा, लायसन्स चालू आहे की निलंबित ते बघा. मुंबईच्या एजन्सीचं नाव सांगून नाशिकला ‘सब-एजंट’ बसलेला असेल, तर त्या मुंबईच्या एजन्सीला यादीतल्या नंबरवर फोन करा, सब-एजंटाने दिलेल्या नंबरवर नको. सौदीला पोहोचल्यावर किवा या सरकारी पोर्टलवर करार मंजुरीसाठी येतो. इथला आणि तो ओळ न् ओळ जुळल्याशिवाय मंजूर करायचा नाही. पुढे वाद झाला तर तोच करार धरतात.

इंग्लंडचं गणितही याच पद्धतीने करा, कारण तिकडेही आकडा वर्षाचा आणि कापण्याआधीचा सांगतात. 2025-26 मध्ये एनएचएस या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत बँड 5 ची, म्हणजे नोंदणीकृत नर्सच्या पहिल्या वेतनश्रेणीची, सुरुवात 31,049 पौंडांपासून होती, आठवड्याला साडेसदतीस तास. कर, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शन गेल्यावर महिन्याला हातात दोन हजार पौंडांना थोडे कमी पडत होते, आणि लंडनबाहेरसुद्धा नुसत्या खोलीला पाचसहाशे सहज जातात. शिवाय ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा पास होऊन एनएमसीची, म्हणजे तिथल्या नर्सिंग कौन्सिलची, नोंदणी होईपर्यंत पगार बँड 5 चा नसतो, खालच्या बँडचा असतो. ही परीक्षा 794 पौंडांची. कोण भरणार आणि नापास झालं तर काय, हे पत्रात लिहून घ्या. नोकरी लावून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घेणं ब्रिटनमध्ये बेकायदा आहे. केअर वर्करच्या नावाने बाहेरच्या देशांतून नव्याने भरती तर 22 जुलै 2025 पासून बंदच आहे. तो व्हिसा आठ-दहा लाखांना विकणारे अजून फिरतात, त्यांच्याकडे विकायला काही नाही.

पैसे गेलेच असतील तर ऑनलाइन गेलेल्यांसाठी लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितके तास जातात तितकं खातं रिकामं होतं. मग पोलीस ठाण्यात लेखी तक्रार, सोबत व्हॉट्सअॅपचं पूर्ण चॅट, यूपीआयचे संदर्भ क्रमांक, ऑफर लेटर आणि व्हिसाची प्रत. लायसन्स नसताना भरती करणं हा 1983 च्या एमिग्रेशन अॅक्टखालीही गुन्हा आहे, तेव्हा तक्रारीत फक्त ‘पैसे परत द्या’ न लिहिता हेही लिहा, आणि तिची प्रत मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी कार्यालयाकडे द्या. परराष्ट्र मंत्रालयाची हेल्पलाइन 1800-11-3090 आहे. सध्या तिकडेच अडकलेल्यांनी ‘मदद’ पोर्टलवर नोंद करून दूतावास गाठायचा.

या प्रकरणात पोलिसांचा फोन गेल्यावर डिग्री आणि सर्टिफिकेट चार दिवसांत परत आलं. यूपीआय आणि खात्यावरचे सव्वा लाख तक्रारीत दाखवता आले. रोख 60,000 चा कागद नाही, पावती मागितली तेव्हा “ताई, विश्वास नाही का?” असं तो म्हणाला होता.