किलिमांजारोची मारंगू वाट: हट छान, पण पाच दिवसांचं पॅकेज घेऊ नका

टांझानियातल्या किलिमांजारोवर (५८९५ मीटर) चढायच्या सगळ्या वाटांमध्ये पक्क्या छपराखाली झोपायला मिळतं ते फक्त मारंगू वाटेवर. मंदारा (२७२० मीटर), होरोंबो (३७२०) आणि किबो (सुमारे ४७००) हे तीन मुक्काम. पहिल्या दोन ठिकाणी उतरत्या छपराच्या छोट्या लाकडी हट आहेत. फोमची गादी, सौरदिवा, जेवायला वेगळा हॉल. मार्च ते मेच्या पावसात जाणार असाल तर ओल्या तंबूपेक्षा हे कितीतरी बरं. उणे दहा अंशांना पुरेल अशी स्लीपिंग बॅग मात्र सोबत हवीच.

किबोला ही चैन संपते. दगडी इमारत, मोठ्या खोल्यांमध्ये दाटीवाटीने दुमजली बंक, आणि रात्री अकरापासून उठणाऱ्यांची गडबड. झोप फारशी लागत नाही. शिवाय तिथे पाणी नाही. खालच्या शेवटच्या पाणवठ्यावरून पोर्टर ते वाहून आणतात. होरोंबोहून निघतानाच तीन लिटर भरून घ्या.

आमची खरी तक्रार आहे ती पाच दिवसांच्या पॅकेजवर. पार्कची फी दिवसावर लागते, म्हणून एक दिवस कापला की भाव उतरतो आणि जाहिरात चांगली दिसते. पण त्यात तिसऱ्या दिवशी होरोंबोहून किबो आणि त्याच मध्यरात्री शिखराकडे, म्हणजे साधारण चोवीस तासांत २१७५ मीटरची चढाई! शरीराला विरळ हवेशी जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. डोकेदुखी, उलट्या, आणि दमसास असूनही गिलमन्स पॉइंटवरून (विवराच्या काठावरचा टप्पा, सुमारे ५६८५ मीटर) परत फिरणं, हे बहुतेक त्याचंच फळ. सहा दिवसांत होरोंबोला एक जादा मुक्काम मिळतो. त्या दिवशी झेब्रा रॉक्स या पट्टेदार कातळाच्या वर चार हजारांपलीकडे जाऊन खाली झोपायला यायचं. इतर काही वाटांवर असा चढउतार आपोआप होतो. मारंगूवर जायची-यायची वाट एकच, म्हणून तो मुद्दाम करावा लागतो. जादा पैसे इथेच खर्च करा.

कळसूबाई (१६४६ मीटर) दर रविवारी केलंत तरी विरळ हवेची सवय लागत नाही. गुडघे मात्र तयार होतात, आणि शिखरावरून थेट होरोंबोपर्यंतच्या लांबलचक उतारावर तेच कामी येतात.

शिखराची चढाई मध्यरात्री सुरू होते ती केवळ सूर्योदयासाठी नव्हे. गिलमन्सपर्यंतची नागमोडी वाट घसाऱ्याची, म्हणजे सुट्या खडीची आहे. रात्री तो गोठलेला असतो, पाय ठरतो. ऊन चढलं की प्रत्येक पावलाला अर्धं पाऊल मागे. तिथून विवराच्या काठाने उहुरू शिखर, म्हणजे किलिमांजारोचं सर्वोच्च टोक, आणखी दीड-दोन तास. पाण्याच्या पिशवीची नळी हमखास गोठते, म्हणून साधी बाटली मोज्यात घालून उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, त्यामुळे झाकणाकडची बाजू मोकळी राहते. हेडटॉर्चच्या जादा बॅटऱ्या अंगाजवळच्या खिशात.

डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारूनच घ्या. डोकेदुखीबरोबर तोल जायला लागला, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं. या बाबतीत गाईडशी हुज्जत घालू नका.

गाईड घेणं सक्तीचंच आहे, तेव्हा बुकिंगआधी कंपनीला नीट विचारा. ऑक्सिमीटरवर रोज सकाळ-संध्याकाळ तपासणी होते का? ऑक्सिजन सिलिंडर किबोच्या वरही सोबत असतो का? कुणी अर्ध्यातून उतरलं तर बाकीच्यांबरोबर गाईड उरतो का? पोर्टरच्या पाठीवर २० किलोंपेक्षा जास्त ओझं नको, हा नियम आहे, आणि गेटवर वजन होतं. पोर्टरना मजुरी किती, दिवसाला जेवण किती वेळा, हेही विचारा. फारच स्वस्त पॅकेजमध्ये पहिली काटछाट तिथेच झालेली असते. टिप एकाच्या हाती न देता सगळ्यांसमोर रक्कम जाहीर करून वाटा.