रिझर्व्ह बँकेचं लोकपाल पोर्टल : कापलेले चार्जेस परत मिळवायला कितपत उपयोगाचं?

पगार थांबला किंवा घरात मोठं आजारपण निघालं की खात्यातली शिल्लक आटते आणि तिथूनच चार्जेसची माळ लागते. किमान शिल्लक ठेवली नाही म्हणून एक, हप्ता परत गेला म्हणून दुसरा, एटीएममध्ये पुरेसे पैसे नव्हते म्हणून तिसरा, आणि प्रत्येकावर १८ टक्के जीएसटी. हे पैसे परत मागायला रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना आणि तिचं तक्रार पोर्टल, सीएमएस डॉट आरबीआय डॉट ऑर्ग डॉट इन, आहे. लोकपाल म्हणजे इथे बँकांविरुद्धच्या ग्राहकांच्या तक्रारी सोडवणारा रिझर्व्ह बँकेचा अधिकारी. हे परीक्षण त्याच सेवेचं.

मत आधीच सांगून टाकतो. बँकेने नियम मोडून पैसे कापले असतील, तर ही सेवा वापरावीच. फी नाही, वकील लागत नाही, कुठल्या कार्यालयात खेटे घालावे लागत नाहीत. पण ‘परिस्थिती नाही, चार्जेस माफ करा’ एवढंच म्हणणं असेल, तर तक्रार बंद होण्याचीच शक्यता जास्त. माफी द्यायची की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय धरला जातो आणि त्यात लोकपाल पडत नाही. अडचणीचं कारण चालतं ते शाखेत. लोकपालाकडे चालतो नियमभंग. बहुतेक माणसं नेमकं उलटं करतात. शाखेत जाऊन नियमांवरून वाद घालतात आणि पोर्टलवर आजारपणाची हकिकत लिहितात.

इंटरनेटवर ‘आर्थिक अडचणीमुळे चार्जेस परत द्या’ अशा पत्रांचे जे तयार नमुने सापडतात, त्यातले बरेच ब्रिटनमधले असतात. तिथे २५ नोव्हेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बँकांच्या बाजूने लागला, ओव्हरड्राफ्टचे, म्हणजे खात्यातल्या शिलकीहून जास्त पैसे काढल्याचे, चार्जेस जास्त आहेत या मुद्द्यावरचे दावे अडकले आणि आर्थिक अडचण हाच परतावा मागायचा मुख्य रस्ता उरला. आपल्याकडे तसा वेगळा हक्क नाही, त्यामुळे ते नमुने उतरवून काही हाती लागत नाही.

आपल्याकडे हाताशी काय आहे, तर रिझर्व्ह बँकेच्या २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकाने आणलेला नियम. तो १ एप्रिल २०१५ पासून लागू आहे आणि बचत खात्याच्या किमान शिलकीबद्दल आहे. शिल्लक कमी पडली की बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं, शिल्लक भरायला किमान एक महिना द्यायचा आणि त्यानंतरच दंड लावायचा. दंड तुटीच्या प्रमाणात हवा. ५,००० च्या जागी ४,८०० असले काय नि शून्य असले काय, दोघांना सारखाच दंड, असं चालत नाही. तुटीचे टप्पे पाडून दर ठरवायची मुभा आहे. आणि निव्वळ या दंडामुळे खातं उणे व्हायला नको.

हिशेब स्वतः करून पाहा. समजा, बँकेच्या दरपत्रकात महिन्याची सरासरी शिल्लक ५,००० आणि दंड तुटीच्या ६ टक्के लिहिला आहे. तुमची सरासरी ३,२०० आली. तूट १,८००, दंड १०८, त्यावर जीएसटी १९ रुपये ४४ पैसे, एकूण १२७ रुपये ४४ पैसे. स्टेटमेंटवर ३५४ कापलेले दिसले, तर त्याचा अर्थ ३०० अधिक ५४ जीएसटी, म्हणजे २२६ रुपये ५६ पैसे जास्तीचे. सरासरी काढताना रोजची अखेरची शिल्लक घ्यायची, सगळ्या दिवसांची बेरीज करायची आणि महिन्याच्या दिवसांनी भागायची. तीस दिवसांच्या महिन्यात दहा दिवस १५,००० आणि उरलेले वीस दिवस शून्य असले, तरी सरासरी ५,००० च भरते. ‘एका दिवशी शिल्लक शून्य होती म्हणून दंड लागला’ असं काउंटरवर सांगितलं, तर हा हिशेब पुढे करा. फक्त तुमच्या खात्याचा निकष महिन्याच्या सरासरीचा आहे की तिमाहीच्या, हे दरपत्रकात आधी बघून घ्या.

उणे शिलकीचा मुद्दा जरा निरखून पाहावा लागतो, कारण पळवाट तिथेच आहे. रिकाम्या खात्यातून कापायला काहीच नसतं, म्हणून दर महिन्याचा दंड येणं म्हणून नोंदला जातो. खातं कागदावर शून्यच दिसतं. मग कधीतरी पैसे जमा होतात आणि साचलेले सगळे दंड एकदम वळते होतात. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’चे पहिले ३,००० रुपये जमा झाले, तेव्हा कितीतरी बायकांच्या हाती त्यातले थोडेच आले, काहींच्या हाती काहीच नाही. अखेर हे पैसे कापू नका म्हणून राज्य सरकारला बँकांना सांगावं लागलं. असं झालं असेल तर बँकेला एकच प्रश्न लेखी विचारा : ज्या ज्या महिन्याचा दंड लावलात, त्या प्रत्येक महिन्याची नोटीस कोणत्या तारखेला, कोणत्या नंबरवर पाठवलीत? जुना नंबर बंद, नवा नोंदलेला नाही, अशी खाती पुष्कळ असतात, त्यामुळे आपला नंबर नोंदलेला आहे ना हेही तपासा. तो असूनही नोटिशीचा पुरावा बँकेकडे नसेल, तर तुमची बाजू भक्कम आहे.

नोकरी गेलेल्यांसाठी आणखी एक. पगार यायचा थांबला की काही महिन्यांनी पगार खातं साध्या बचत खात्यात बदललं जातं आणि किमान शिलकीची अट लागू होते. हा बदल कधी झाला आणि कधी कळवला, या दोन्ही तारखा मागून घ्या.

हप्ता परत गेल्याचे चार्जेस वेगळे. ते दोन्हीकडून लागतात, खात्याच्या बँकेकडून आणि कर्ज देणाऱ्याकडून. काही फायनान्स कंपन्या एकाच हप्त्यासाठी महिन्यात दोन-तीनदा मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप वळता करायला तुम्ही आधी दिलेली परवानगी) टाकतात आणि दर खेपेला बँकेचा वेगळा दंड बसतो. पहिल्यांदा हप्ता परत गेला की त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा : हा हप्ता अमुक तारखेला यूपीआयने भरतो, तोवर मँडेट पुन्हा टाकू नका. त्यानंतरही टाकलं, तर दुसऱ्या खेपेपासूनचे चार्जेस मागायला तुमच्याकडे कागद असतो. घाबरून मँडेट परस्पर रद्द मात्र करू नका. पैसे नाहीत म्हणून परत गेलेल्या मँडेटवर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली चेक न वटल्यासारखीच फौजदारी कारवाई होऊ शकते, त्यामुळे कर्ज देणाऱ्याशी लेखी बोलणं ठेवलेलं बरं. कर्जावरच्या दंडाचा नियमही बदलला आहे. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दंड व्याजात मिसळून लावता येत नाही आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे, जुन्या कर्जांनाही ३० जून २०२४ पर्यंत लागू करायचं होतं. कर्जाच्या उताऱ्यात ‘दंडव्याज’ अजून दिसत असेल, तर ती ओळ अधोरेखित करून तक्रारीला जोडा.

आता कामाचा क्रम. आधी बँकेकडे लेखी तक्रार, त्याशिवाय पोर्टल तुमची दखल घेत नाही. तोंडी सांगितलेलं धरलं जात नाही. शाखेत अर्ज दिलात तर शिक्का मारलेली पोच घ्या, ईमेल केलात तर तक्रार क्रमांक घ्या. अर्जात मागण्या वेगवेगळ्या लिहा. मजकूर साधारण असा :

‘माझ्या खात्यातून (शेवटचे चार अंक …) खालील तक्त्यातील रकमा किमान शिलकीच्या दंडापोटी वळत्या केल्या आहेत. (१) रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार (मूळ परिपत्रक २० नोव्हेंबर २०१४) आवश्यक असलेली एक महिन्याची पूर्वसूचना मला मिळालेली नाही. सूचनेचा पुरावा द्यावा, अन्यथा सर्व रक्कम जीएसटीसह परत जमा करावी. (२) पूर्वसूचना दिली असल्यास, सोबत जोडलेल्या कागदपत्रांवरून माझी सध्याची आर्थिक अडचण लक्षात घेऊन ही रक्कम सद्भावना म्हणून परत करावी. (३) माझे खाते आजपासून बेसिक बचत खात्यात रूपांतरित करावे.’

पहिली मागणी पुढे लोकपालाकडे नेता येते. दुसरी शाखा व्यवस्थापकासाठी आहे. तिला नोकरी सुटल्याचं पत्र किंवा दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड आणि तीन महिन्यांचं स्टेटमेंट जोडा. चार्जेस उलटवायचे अधिकार व्यवस्थापकाला मर्यादेपर्यंत असतात, रक्कम मोठी असली की प्रकरण वरच्या कार्यालयात जातं. तिसऱ्या मागणीने पुढचं नुकसान थांबतं, आणि तीच लिहायची राहून जाते. बेसिक खात्याला किमान शिलकीची अट नाही, एटीएम कार्ड फुकट आणि महिन्याला निदान चार वेळा पैसे काढणं फुकट. ही सोय १० ऑगस्ट २०१२ च्या परिपत्रकापासून आहे. अट एवढीच की त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. ‘आमच्याकडे ही योजना नाही’ असं ऐकवलं तर तेही लेखी मागा.

बँकेचा नकार आला, उत्तर अर्धवट वाटलं किंवा ३० दिवसांत उत्तरच आलं नाही, की पोर्टलची वेळ. २०२१ च्या योजनेत मुदत होती ती उत्तर मिळाल्यापासून एक वर्ष, उत्तर नसेल तर तक्रार दिल्यापासून एक वर्ष आणि ३० दिवस. आत्ताची मुदत पोर्टलवर पाहून घ्या आणि उशीर करू नका. मोठ्या बँकांना तक्रार नाकारण्याआधी ती स्वतःच्या अंतर्गत लोकपालाकडे, म्हणजे बँकेनेच नेमलेल्या तक्रार तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे, पाठवावी लागते. नकाराच्या उत्तरात त्याचा उल्लेख नसेल, तर तक्रारीत तसं नमूद करा.

पोर्टल इंग्रजी-हिंदीत आहे, मराठीत नाही, ही मोठी उणीव. ज्यांचे पैसे जातात त्यातल्या बऱ्याच जणांना हा फॉर्म दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागतो. मोबाइलवर ओटीपी येतो, मग प्रश्न सुरू होतात. बँकेकडे तक्रार केली होती का, कोणत्या तारखेला, उत्तर आलं का, प्रकरण कोर्टात आहे का. सर्वाधिक पडझड इथेच होते. तारीख चुकली, ३० दिवस पुरे व्हायच्या आत फॉर्म भरला किंवा तक्रारीची प्रत जोडायची राहिली, की रिझर्व्ह बँकेच्या चंदीगडमधल्या छाननी केंद्रातच फाइल मिटते. ‘योजनेत बसत नाही’ म्हणून बंद झालेल्या तक्रारीवर अपीलही नाही. म्हणून मजकूर आधी वहीत लिहून काढा आणि तक्रार, पोच, बँकेचं उत्तर, खुणा केलेलं स्टेटमेंट यांचे पीडीएफ तयार ठेवूनच बसा. वर्णनाच्या चौकटीत पहिल्या दोन ओळींत रक्कम, तारखा आणि कोणता नियम मोडला ते लिहा. हकिकत खाली. पोर्टल नको असेल तर ठरलेल्या नमुन्यातला अर्ज पोस्टाने चंदीगडला, सेक्टर १७ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात पाठवता येतो. १४४४८ या नंबरवर मराठीतही माहिती मिळते.

तक्रार दाखल करून घेतली की बँकेला १५ दिवसांत म्हणणं मांडावं लागतं, आणि या सेवेचं खरं बळ या टप्प्यात दिसतं. शाखेत महिनाभर हलत नव्हती ती फाइल आता मुख्य कार्यालयातल्या टेबलावर येते, आणि काही शे रुपयांसाठी लोकपालाला उत्तर देत बसण्यापेक्षा पैसे परत टाकणं बँकेला सोपं वाटतं. तेव्हा रक्कम जुळते का ते पाहा. पुष्कळदा मूळ दंड परत येतो आणि जीएसटी राहतो, किंवा शेवटच्या तिमाहीचे पैसे येतात आणि आधीचे विसरले जातात. ‘तक्रार मिटली’ असं कळवण्याआधी तक्त्यातली एकेक ओळ ताडून घ्या. २०२१ च्या योजनेत नुकसानीपोटी २० लाखांपर्यंत आणि मनस्तापापोटी एक लाखापर्यंत भरपाईची तरतूद होती, पण दोन हजारांच्या दंडासाठी एक लाख मागून अर्ज हलका करू नका. झालेला खर्च मागा, पावत्या जोडा.

ही सेवा सगळ्यांना लागू नाही, आणि महाराष्ट्रात हे आधी पाहायलाच हवं. नागरी सहकारी बँक असेल तर तिच्या ठेवी ५० कोटी किंवा त्याहून जास्त हव्यात. राज्य आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका १ नोव्हेंबर २०२५ पासून योजनेत आल्या. पतसंस्था योजनेत नाहीत. त्यांच्याबद्दल सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जावं लागतं. आणि लोकपालाकडून काही हाती लागलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे : पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून तक्रार देता येते. तिथे आणि लोकपालाकडे एकाच वेळी मात्र चालत नाही, म्हणून आयोगाकडे जाण्याआधी लोकपालाचं बंद केल्याचं पत्र डाउनलोड करून ठेवा.