जळगावचं भरीत सेंटर आणि आमचे जॉर्जियाचे जावई

लग्नानंतर मी जॉर्जियात, तिबिलिसीला राहते, नवरा तिथलाच. पहिल्या महिन्यात सासूबाईंनी बद्रीजानी केलं, म्हणजे वांग्याचे लांब काप तळून त्यात अक्रोड-लसणाची पेस्ट भरून वरून डाळिंबाचे दाणे, आणि पहिल्या घासालाच मला घर आठवून रडू आलं. भाषा येत नव्हती पण वांगं समजलं.

म्हणून यंदा थंडीत माहेरी आल्यावर नवऱ्याला आधी या भरीत सेंटरलाच नेलं, बामणोद गावाच्या रस्त्याला. बामणोदची हिरवी मोठी वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, मग लाकडी बडगीत, म्हणजे उखळीसारख्या भांड्यात, हिरवी मिरची अन लसूण घालून ठेचलेली. गॅसवरच्या भरताला हा धुराचा वास येतच नाही हो! वरून कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी, ज्वारी-उडदाची, हातावर थापलेली, कडा जरा करपलेल्या, तशीच पाहिजे. नवरा दोन भाकऱ्या खाऊन घाम पुसत विचारतो, यात अक्रोड कुठंय, मी शेंगदाणा दाखवला तर खूश.

एकच तक्रार, तेल फार. पार्सल घेताना आधीच सांगा, कमी करून देतात. पुऱ्या पण मिळतात पण भाकरीच घ्या. रविवारी दुपारी गर्दी असते, बारा वाजायच्या आत जा.

सेंटरवरच्या काकूंनी नवऱ्याला बडगीत ठेचायला पण दिलं. सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला तर त्या वांगं बघून तिकडून ओरडल्या, "बद्रीजानी!"