आन्याच्या दोन मालिका: भाचीला आधी कोणती द्यावी?

चवथीच्या सुट्टीत फोंड्याहून भाची येणार म्हणून मार्व्हलच्या आन्या कोराझोन या नायिकेच्या दोन्ही कॉमिक मालिका काढून ठेवल्या. ‘अरान्या’ २००५-०६ची, १२ अंकांची. ‘स्पायडर-गर्ल’ २०१०-११ची, जेमतेम ८ अंकांची.

अरान्या म्हणजे स्पॅनिशमध्ये कोळी. पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या आमच्या आजीला नाव ऐकताक्षणीच अर्थ कळला. ब्रुकलिनच्या या मुलीच्या हातावर कोळ्याचं गोंदण उमटतं आणि निळं कवच अंगावर चढतं. देखणं आहे, पण गुप्त संघटनांचा पसारा फार.

‘स्पायडर-गर्ल’मध्ये कवच नाही, शक्तीही नाही. उरतो सराव, जिद्द आणि ऑनलाइन टाकलेले छोटे छोटे संदेश. त्यांतूनच ती आपली गोष्ट सांगते. सुरुवातीलाच तिचे पत्रकार वडील जातात. त्यानंतरही ती पोशाख चढवून बाहेर पडते. भाचीने ती पानं दोनदा उलटून पाहिली आणि काही न बोलता माझ्याजवळ सरकून बसली.

मी तर ‘स्पायडर-गर्ल’च आधी देईन. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचं दुःख इतक्या जवळून दाखवणारी मालिका आठव्या अंकातच थांबली, याची हळहळ मला अजून वाटते.