घरच्या नेटला फायरवॉल: मिनी पीसी की मायक्रोटिक?

घरच्या नेटसाठी वेगळी फायरवॉल, म्हणजे नेट आणि घर यांच्यामध्ये बसून नको ते अडवणारी पेटी, घ्यायची, इथवर तुमचं ठरलं असेल तर पुढचा घोळ बहुतेक दोनच पेट्यांपाशी होतो. एक म्हणजे इंटेल एन100 चा बिनपंख्याचा, चार लॅन पोर्टचा मिनी पीसी आणि त्यावर ओपीएनसेन्स ही फुकट मिळणारी फायरवॉलची प्रणाली. दुसरी म्हणजे मायक्रोटिक कंपनीची राउटरची पेटी, हेक्स किंवा हॅप एएक्स2. मी दोन्ही वापरल्यात, बेळगावात टिळकवाडीतल्या घरी आणि खानापूर तालुक्यात जांबोटीकडच्या बाजूला आई-अण्णांकडेही. पोर्ट किती, रॅम किती हे तुम्ही बघितलेलंच असणार, त्यात मी शिरत नाही.

बाकीचे पर्याय थोडक्यात. ऑफिसांतून निघालेल्या फोर्टिनेट किंवा सायबरोमच्या जुन्या पेट्या सेकंडहँड स्वस्तात मिळतात, पण वर्गणी संपलेली असली की अपडेट येणं थांबतं, आणि अपडेट न मिळणारी फायरवॉल दारात ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही. युनिफाय या ब्रँडचा गेटवे चांगला आहे, पण तो त्यांच्याच अ‍ॅक्सेस पॉइंटांसोबत, म्हणजे वायफायच्या डब्यांसोबत, खरा खुलतो. ते घरात आधीपासून असतील तर हा लेख सोडा आणि तोच घ्या.

ओपीएनसेन्सचं कौतुक आधी करतो, कारण ते मनापासून आहे. 2015 च्या जानेवारीत पीएफसेन्स या जुन्या फायरवॉल प्रकल्पातून फुटून निघालेला हा प्रकल्प, वर्षाला दोन मोठ्या आवृत्त्या काढतो, एक जानेवारीत, एक जुलैत, आणि तो क्रम पाळतो. पण माझ्या लेखी त्याचं खरं वैभव म्हणजे लाइव्ह लॉग, काय आत-बाहेर जातंय आणि काय अडतंय याची चालू नोंद. नियम लावला आणि तो लॉग उघडून बसलं की घर आतून कसं वागतंय ते डोळ्यांसमोर सरकायला लागतं. आमच्या कॅमेऱ्यांचा एनव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात, टाकून त्याचं बाहेर जाणं बंद केलं, तेव्हा लाल ओळींची रांगच लागली. कुणीही काही बघत नसताना ते यंत्र सारखं बाहेरच्या कुठल्यातरी सर्व्हरला हाक मारत होतं. टीव्हीचंही तेच. हे मायक्रोटिकमध्येही दिसतं, पण त्यासाठी आधी लॉगचा नियम लिहायचा, मग विनबॉक्समध्ये, म्हणजे मायक्रोटिकच्या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये, शोधायचं. ओपीएनसेन्समध्ये ते समोर वाढून ठेवलेलं असतं. शिकायचं असेल, नेटवर्क म्हणजे काय हे एकदा नीट बघायचं असेल, तर यासारखी दुसरी पेटी नाही.

ओपीएनसेन्सवर सुरिकाटा (रहदारी तपासून हल्ले ओळखणारा प्रोग्रॅम) चालतं म्हणून मात्र मिनी पीसी घेऊ नका, असं मी सुचवेन. घरातली जवळजवळ सगळी रहदारी आता एन्क्रिप्टेड असते. सुरिकाटाला लिफाफा दिसतो, आतली चिठ्ठी दिसत नाही. घरच्या उपयोगाला डीएनएस ब्लॉकलिस्ट (नको त्या साइटची नावंच सापडू न देणारी यादी) आणि नीट वेगळे केलेले व्हीलॅन याच दोन गोष्टी खऱ्या कामाला येतात, आणि त्या दोन्ही पेट्यांत होतात.

मायक्रोटिकबद्दल पहिली शंका सगळे सुरक्षेची काढतात, आणि ती रास्त आहे. 2018 मध्ये विनबॉक्समधलं एक भोक सापडलं. कंपनीनं एप्रिलमध्येच दुरुस्ती दिली, पण अपडेट न केलेले राउटर पुढे कित्येक महिने धडाधड हॅक होत राहिले आणि त्यांच्यातून लोकांच्या ब्राउझरमध्ये क्रिप्टोचं मायनिंग घुसवलं गेलं. यातून मी घेतलं ते एवढंच: बाहेरच्या बाजूनं विनबॉक्स आणि वेबचं दार कधीही उघडं ठेवायचं नाही, अपडेट चुकवायचं नाही. घरगुती मॉडेलांत मूळचे नियम बाहेरून येणारं सगळं अडवतातच. नेटवर कुणाचे तरी बघून ते मूळचे नियम पुसू नका, त्यांच्यावर आपले चार नियम चढवा.

आता ज्या एका गोष्टीनं माझा निकाल लावला तिच्याकडे येतो. करंट.

पुण्या-बेंगळुरूतले लोक या पेट्यांबद्दल लिहितात तेव्हा वेग मोजतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वळीव सुरू झाला की दुपारी चारच्या पुढे आभाळ भरतं, वारा सुटतो आणि लाइट जाते. गेली तर गेली, तेही परवडतं. पण ती एकदा जाऊन गप्प बसत नाही. येते, दोन मिनिटांत परत जाते, मंद होते, पुन्हा येते. जून लागला की जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात तारांवर झाडं पडतात, मग रात्र रात्र अंधार. म्हणून आपल्या भागात फायरवॉल निवडताना पहिला प्रश्न मी असा विचारतो: करंट आल्यावर कुणी हात न लावता ही पेटी उठते का?

मिनी पीसी उठतो. बहुतेक वेळा. बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, करंट आल्यावर आपोआप सुरू व्हायची सेटिंग असते आणि ती मी लावलेली होती. पण ती सेटिंग चालते ती करंट पूर्ण जाऊन परत आला तर. राउटरसाठी आपण जो 12 व्होल्टचा छोटा मिनी यूपीएस वापरतो, तो बहुधा दोन अँपिअरचा. मिनी पीसीला अ‍ॅडॉप्टर येतो तीन ते पाच अँपिअरचा. नुसता चालू असताना तो दहाएक वॅटवर भागवतो, पण सुरू होताना एकदम जास्त ओढतो आणि तिथेच यूपीएस दबतो. बॅटरी संपत आली की व्होल्टेज हळूहळू उतरतं, पेटी अर्धवट लटकते, आणि पुरता शून्य न होताच मेन करंट परत येतो. बायोसच्या हिशेबी करंट गेलेलाच नसतो. मग निळा दिवा जळत राहतो आणि आत काहीच चालत नाही.

अशा वेळी मी बेळगावात आणि फोन खानापूरहून.

"अरे, नेट नाही. केबलवाला म्हणतोय त्याच्याकडनं सगळं बरोबर हाय."

"अण्णा, त्या काळ्या डब्यावर लाइट दिसतेय काय बघा की."

"निळी हाय की. वायर काढून घालू काय?"

"काढा, दहा मोजा, मग घाला."

अण्णा पंचाहत्तरीला आलेत. फायरवॉल ठेवलीय माडीवर, कपाटाच्या वर, कारण फायबरची तार तिथून येते. पावसात, अंधारात, स्टुलावर चढून त्यांनी वायर काढावी हे मला पटेना. वेग कितीही असो, लॉग कितीही देखणा असो, या एका गोष्टीपुढे बाकी सगळं माझ्यासाठी मागे पडलं.

याच धाग्यातली आणखी एक गोष्ट. स्वस्त मिनी पीसीतला बायोसचा सेल लवकर मरतो. रात्रभर करंट नसला की पेटी उठते तेव्हा तिची तारीख चुकलेली असते. ओपीएनसेन्समध्ये डीएनएससेक (साइटच्या नावांवरच्या डिजिटल सह्या तपासणं) चालू ठेवलं असेल तर चुकीच्या तारखेमुळे सह्या जुळत नाहीत, नावं सापडत नाहीत, आणि नाव सापडत नाही म्हणून वेळेचा सर्व्हरही सापडत नाही. पेटी चालू, लिंक चालू, पण एकही पान उघडत नाही. उपाय सोपा आहे: वेळेचा एक सर्व्हर नावानं न देता थेट आयपीनं द्या आणि सेल बदला. इन्स्टॉल करताना डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत विचारतात, तिथे झेडएफएस निवडा, यूएफएस नको. अचानक करंट जाण्यापुढे झेडएफएस बराच टिकतो. हे सगळं केलं तर मिनी पीसी पुष्कळ सुधारतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. माझ्या टिळकवाडीच्या घरी, जिथे मोठा इन्व्हर्टर आहे, तिथे त्यानं मला फारसं सतावलं नाही.

पण खानापुरात मायक्रोटिक लावल्यापासून ते फोन थांबले. हेक्स चार-पाच वॅटवर चालते. त्याच मिनी यूपीएसवर फायबरचा डबा आणि ती दोन्ही बसतात आणि संध्याकाळ निघून जाते. बॅटरी संपली तर पडते, करंट आला की मिनिटभरात उभी राहते. व्होल्टेज खालीवर झालं तरी तिचं फार बिघडत नाही. मी घड्याळ लावून मोजलेलं नाही. अण्णांचा फोन येत नाही, हेच माझं मोजमाप.

वळवाच्या विजेचाही विचार करा. तुमच्याकडे फायबर थेट घरात येत असेल तर ठीक, काचेतून विजेचा झटका येत नाही. पण गल्लीतल्या खांबावरच्या स्विचमधून अजूनही काही ठिकाणी तांब्याची लॅन वायर गच्चीवरून घरात येते. जवळपास वीज पडली की पहिला जातो तो वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरून येणारी नेटची वायर जिथे लागते तो. मिनी पीसीचा पोर्ट गेला म्हणजे सगळा बोर्ड गेला, आणि मी चौकशी केली तेव्हा रॅम-डिस्कसह तो हेक्सच्या कितीतरी पट महाग पडत होता. शिवाय दुरुस्तीला कुठे पाठवणार? बिननावाच्या पेटीला बेळगावात कुणी हात लावत नाही.

बाहेरून घरात शिरायचं असेल, म्हणजे गावचे कॅमेरे बेळगावातून बघायचे असतील, तर आधी वॅनचा पत्ता बघा. तो 100.64 ते 100.127 मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे बऱ्याच घरांत मिळून बाहेरचा एकच पत्ता आहे, आणि आपल्याकडच्या छोट्या केबलवाल्यांकडे हे सर्रास असतं. मग साधं वायरगार्ड (घरापर्यंतची खासगी व्हीपीएन जोडणी) बाहेरून लागत नाही. ओपीएनसेन्सवर टेलस्केल, म्हणजे अशा अडचणीतूनही वाट काढणारं व्हीपीएन, घालून भागतं. मायक्रोटिकमध्ये बॅक टू होम नावाची सोय आहे, ती कंपनीच्या मधल्या सर्व्हरवरून जोडते, फोनवर अ‍ॅप टाकून क्यूआर स्कॅन केला की झालं. फक्त ती एआरएम प्रोसेसरच्या मॉडेलांवर चालते: हॅप एएक्स2 वर चालते, जुन्या हेक्सवर नाही. टिळकवाडीच्या घरातही बाहेरून शिरता यावं म्हणूनच तिथे पुढे मी हॅप एएक्स2 घेतला. मिनी पीसी आता त्याच्या मागे बसून बॅकअप आणि जाहिराती अडवण्याचं काम करतो. तो बंद पडला तरी मुलांचा क्लास बंद पडत नाही.

कुणी मिनी पीसीच घ्यावा? घरी चांगला इन्व्हर्टर आहे, बिघडलं तर तुम्ही स्वतः हजर असता, आणि लॉग बघण्यात रात्र घालवायला आवडतं, त्यानं खुशाल घ्यावा. पोर्ट इंटेल आय226 चे आहेत याची खात्री करा, रिअलटेकचे नकोत, ओपीएनसेन्स ज्यावर उभं आहे त्या बीएसडी प्रणालीचं त्यांच्याशी नीट जमत नाही. आई-वडिलांच्या घरासाठी मात्र मी सध्या तरी तो सुचवणार नाही.

मायक्रोटिक घेणार असाल तर यूपीएस घेताना एवढं बघा. सोबत 24 व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर येतो म्हणून 12 व्होल्ट चालणार नाहीत असं दुकानदार सांगतात. चालतात. जुन्या हेक्सला 8 ते 30 व्होल्ट चालतात, त्यामुळे ती 12 व्होल्टच्या कसल्याही यूपीएसवर तगते. हॅप एएक्स2 ला 12 ते 28 लागतात. स्वस्त मिनी यूपीएसमध्ये तीन लिथियम सेल सरळ जोडलेले असतात आणि बॅटरी उतरली की तो नऊ-दहा व्होल्टवर येतो. म्हणून हॅप एएक्स2 साठी शेवटपर्यंत 12 धरून ठेवणारा यूपीएस मागा. पिनचं माप जुळवून घ्या, मधली पिन धन असते.